जग बुडाले तरी वर्ण बुडत नाही

"संकट जात पाहत नाही" हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पूर आला, भूकंप झाला, साथ आली की ते हमखास कानावर पडते. संकटात सारे समान होतात, असे सांगणारे लोक बहुधा वरच्या पायरीवर उभे असतात. खालच्या पायरीवरच्या माणसाचा अनुभव वेगळा असतो. पण त्याला विचारतो कोण? हा प्रश्न एका अमेरिकन मालिकेच्या एका भागातून फार स्पष्टपणे पुढे येतो. म्हणून करमणुकीच्या पानावरचा हा विषय विचारांच्या पानावर घेणे आवश्यक आहे.

'द वॉकिंग डेड' ही मालिका एएमसी वाहिनीवर २०१० साली सुरू झाली आणि अकरा पर्वे, १७७ भाग चालून २०२२ मध्ये संपली. एका रोगाने जगाचा अंत झाला आहे. मेलेली माणसे उठून चालू लागली आहेत आणि जिवंत माणसांना खात सुटली आहेत. सरकार नाही, पोलीस नाहीत, वीज नाही, पैशाला किंमत नाही. उरलेली मूठभर माणसे जीव मुठीत धरून जगत आहेत. 'गट्स' हा तिचा दुसरा भाग ७ नोव्हेंबर २०१० रोजी दाखवला गेला. इंग्रजीत या शब्दाचे दोन अर्थ होतात, आतडी आणि हिंमत. या भागात दोन्ही आहेत.

घटना घडते अटलांटा शहरात. अन्नपाण्याच्या शोधात आलेली काही माणसे एका मोठ्या दुकानाच्या इमारतीत अडकली आहेत. रस्त्यावर हजारो प्रेते फिरत आहेत. अशा वेळी मर्ल डिक्सन नावाचा गोरा गच्चीवर उभा राहून खालच्या प्रेतांवर गोळ्या झाडत सुटतो. गोळीच्या आवाजाने आणखी प्रेते गोळा होतात. टी-डॉग हा कृष्णवर्णीय सहकारी त्याला थांब म्हणतो. सांगणे शंभर टक्के बरोबर आहे, सर्वांच्या हिताचे आहे. पण मर्लला त्यातला शहाणपणा दिसत नाही, सांगणाऱ्याचा रंग तेवढा दिसतो. तुझ्यासारख्याचा हुकूम मी ऐकणार नाही, असे तो वर्णद्वेषी शिवी हासडून सांगतो, टी-डॉगला खाली पाडून मारतो आणि त्याच्या तोंडावर पिस्तूल रोखतो. इमारतीखाली मृत्यू उभा आहे, तरी या माणसाला आपल्या कातडीचा मोठेपणा सोडवत नाही!

पुढचा प्रसंग तर राज्यशास्त्राच्या वर्गात दाखवावा असा आहे. हातात पिस्तूल घेऊन मर्ल म्हणतो, आता आपण मतदान घेऊ. मी पुढारी व्हावे असे कोणाला वाटते त्यांनी हात वर करा. एकेक करून सगळ्यांचे हात वर जातात. याला मतदान म्हणायचे काय? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी नेमका हाच इशारा दिला होता. राजकारणात एक माणूस एक मत, पण सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती फार काळ टिकवली तर लोकशाहीच धोक्यात येईल, असे ते म्हणाले होते. मर्लच्या गच्चीवर हात वर होतात, पण त्या हातांमागचा माणूस स्वतंत्र नसतो. दहशतीखाली बटण दाबावे लागलेल्या आपल्या खेड्यांतील माणसांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

तेवढ्यात नायक रिक ग्राइम्स पुढे येतो. तो गोरा आहे आणि जग बुडण्यापूर्वी पोलीस अधिकारी होता. तो मर्लला लोळवतो, बेड्या घालून गच्चीवरच्या पाइपाला अडकवतो आणि सुनावतो की, आता गोरा-काळा काही राहिले नाही. आपण आणि मेलेले, एवढेच दोन गट उरले आहेत. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. रिकचा हेतू प्रामाणिक आहे, त्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण ही समतेची घोषणा कोण करतो आहे? ज्याने मार खाल्ला तो नव्हे. मार खाणारा टी-डॉग जमिनीवरच आहे. आपल्याकडेही "आता जात कुठे राहिली?" असे विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांना प्रतिप्रश्न एवढाच करावा की, जात गेल्याचे तुम्हाला कोणी कळवले?

बेड्यांची किल्ली टी-डॉगच्या हाती येते. रिक आणि ग्लेन हा कोरियन वंशाचा तरुण प्रेताची आतडी अंगाला फासून, त्या वासाच्या आडून रस्त्यावर उतरतात आणि ट्रक मिळवतात. पळण्याची वेळ येते. सगळे धावतात. बांधलेला मर्ल गयावया करतो. ज्याच्या तोंडावर त्याने पिस्तूल रोखले होते तोच टी-डॉग त्याच्यासाठी मागे वळतो. घाईत तो अडखळतो आणि किल्ली गटाराच्या भोकात पडते. तरीही जाताना तो गच्चीच्या दाराला साखळी आणि कुलूप लावतो, म्हणजे प्रेते मर्लपर्यंत पोहोचू नयेत. पुढच्या भागात आपल्या हातून किल्ली पडली हे तो मर्लच्या भावासमोर स्वतः कबूल करतो आणि शोधायलाही जातो. अपराध कोणाचा आणि अपराधीपणाचे ओझे कोणाच्या डोक्यावर! माणुसकीची परीक्षा दरवेळी दबलेल्यानेच का द्यायची?

त्याच पुढच्या भागात आणखी एक प्रसंग आहे. छावणीतल्या बायका खाणीच्या पाण्यावर सगळ्यांचे कपडे धूत आहेत. पुरुष मजेत आहेत. त्यांच्यातली कृष्णवर्णीय जॅकी विचारते, ही हॅटी मॅक्डॅनियलची कामे आपल्याच वाट्याला कशी आली? हॅटी मॅक्डॅनियल ही ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय कलावंत. 'गॉन विथ द विंड' चित्रपटातील मोलकरणीच्या भूमिकेसाठी तिला १९४० साली तो मिळाला. त्या चित्रपटाचा पहिला खेळ डिसेंबर १९३९ मध्ये याच अटलांटा शहरात झाला आणि तिथल्या वर्णभेदामुळे हॅटीला त्याला हजर राहता आले नाही. जॅकी ही जग बुडण्यापूर्वी नगरनियोजन कार्यालयात काम करणारी स्त्री. जग बुडाले, तिची नोकरी गेली. धुणे मात्र आले.

अटलांटाचे नाव निघाले की डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. हे थोर कृष्णवर्णीय विचारवंत १८९७ ते १९१० अटलांटा विद्यापीठात शिकवत होते. १९०६ साली गोऱ्या जमावाने या शहरात कृष्णवर्णीयांची कत्तल केली, त्या काळाचे ते साक्षीदार. १९४६ साली बाबासाहेबांनी त्यांनाच पत्र लिहिले होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय आणि भारतातील अस्पृश्य यांच्या स्थितीत मोठे साम्य आहे, असे बाबासाहेबांनी त्यात नमूद केले आणि कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या. ड्यू बॉइस यांनी आपुलकीने उत्तर पाठवले.

याच ड्यू बॉइस यांनी १९२० साली 'द कॉमेट' नावाची जगबुडीची कथा प्रसिद्ध केली. धूमकेतूच्या विषारी वायूने न्यूयॉर्कमधली माणसे मरतात. बँकेतला कृष्णवर्णीय निरोप्या तळघरात असल्यामुळे वाचतो. तळघरात त्याला पाठवलेले असते, कारण ते काम धोक्याचे आणि त्याचा जीव स्वस्त. त्याला एक श्रीमंत गोरी स्त्री जिवंत भेटते. जगात आपण दोघेच उरलो, या जाणिवेने तिच्या मनातला रंगभेद गळून पडतो. इतक्यात शहराबाहेरून तिचा बाप आणि इतर गोरे येतात. बुडाले ते फक्त न्यूयॉर्क, बाकी जग जागेवर आहे! क्षणात जुनी उतरंडही जागेवर येते. जमावातून त्याला फासावर लटकवण्याची भाषा निघते, बाप त्याच्या हातात पैसे ठेवतो आणि ती निघून जाते. रिकची घोषणा किती तकलादू आहे, हे ड्यू बॉइस यांनी नव्वद वर्षे आधीच सांगून ठेवले होते.

हे सारे काल्पनिक म्हणून सोडून देता येत नाही. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स शहर बुडवले. ते शहर काही दिवस खरोखरच जगाच्या अंतासारखे होते. तहानलेले, भुकेलेले लोक, त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय, पायी पूल ओलांडून शेजारच्या ग्रेटना गावाकडे निघाले, तेव्हा तिथल्या पोलिसांनी बंदुका रोखून त्यांना परत पाठवले. ४ सप्टेंबर रोजी डॅन्झिगर पुलावर पोलिसांनी निःशस्त्र कृष्णवर्णीयांवर गोळ्या झाडल्या. दोघे मेले, चार जखमी झाले. आपलेच कृत्य लपवण्यासाठी पोलिसांनी खोटे पुरावे रचले. कायद्यापुढे अखेरची कबुली यायला २०१६ साल उजाडले. संकटाने इथे रंग पाहिला नसेलही. बंदूक धरणाऱ्यांनी तो पाहिला.

आता मालिकेचाच हिशेब मांडू. 'गट्स'मध्ये आतडी काढण्यापूर्वी रिक त्या प्रेताचे पाकीट उघडतो. मेलेल्याचे नाव, जन्मसाल, खिशातले डॉलर, एका मुलीचे छायाचित्र, सारे आदराने पाहिले जाते. प्रसंग सुंदर आहे. पण त्या गोऱ्या प्रेताला एका मिनिटात जेवढी ओळख मिळाली, तेवढी जिवंत टी-डॉगला दोन पर्वे उलटूनही मिळाली नाही. ही भूमिका करणारा आयर्नई सिंगलटन हा कलावंत मूळचा अटलांटाचाच. तरी त्याच्या वाट्याला संवाद मोजकेच आले. नोव्हेंबर २०१२ च्या एका भागात कॅरोल या गोऱ्या स्त्रीला वाचवण्यासाठी टी-डॉग प्राण देतो. साथ पसरली तेव्हा तो चर्चची गाडी घेऊन ओळखीच्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या दारी गेला होता, हे आपल्याला त्याच्या मृत्यूनंतरच्या भागात दुसऱ्याच्या तोंडून कळते. मर्ल मात्र परत येतो, त्याच्या मनाची घालमेल सविस्तर दाखवली जाते आणि मार्च २०१३ मध्ये त्याला वीरमरणही दिले जाते. पुढे मिशोनसारखी समर्थ कृष्णवर्णीय नायिका या मालिकेने उभी केली, हे मान्य केलेच पाहिजे. पण पडद्यावरचे जग बुडाले असताना लेखकांच्या खोलीतली उतरंड शाबूत होती, हेही तेवढेच खरे.

यातून आपण काय घ्यायचे? वरचा डोलारा कोसळला की खालचा माणूस आपोआप मोकळा होईल, हा भ्रम सोडायचा. विषमता इमारतीत, पैशात वा सरकारात असते तेवढीच ती मनात असते, आणि मन जगबुडीतूनही जिवंत बाहेर येते. समता ही माणसांनी कायद्याने, संघटनेने, शिक्षणाने, पिढ्यान्‌पिढ्यांच्या झगड्याने उभी करायची गोष्ट आहे. संकटाच्या वेळी तर तिच्यावर दुप्पट पहारा ठेवावा लागतो. पुढच्या पुरात, पुढच्या साथीत मदतीची यादी कोण करतो, पाण्याचा टँकर कोणत्या वस्तीत आधी जातो, छावणीत कोणाची चूल कुठे मांडली जाते, हे आपल्या कार्यकर्त्यांनी पहिल्या दिवसापासून डोळ्यांत तेल घालून पाहावे आणि त्याची लेखी नोंद ठेवावी. आता सगळे समान आहेत, असे कोणी सांगू लागले तर ती यादी त्याच्यापुढे ठेवावी.