उपचार करणारी लस कशी पारखतात?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे जवळजवळ नेहमी एचपीव्ही हा विषाणू असतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक लस संसर्ग टाळते. पण पेशींत बदल आधीच झाले असतील, तर ते मिटवत नाही. त्यासाठी उपचारक लस हवी. विषाणूची ई-6 आणि ई-7 ही प्रथिनं ओळखून बिघडलेल्या पेशी मारायला ती शरीराच्या रोगप्रतिकारक टी-पेशींना शिकवते.

ती पारखणं अवघड, कारण असे बदल कित्येकींमध्ये आपोआप ओसरतात. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या व्हीजीएक्स-3100 या उपचारक लशीच्या चाचणीत तीन डोस दिले आणि पहिल्या डोसानंतर 36 आठवड्यांनी गर्भाशयमुखाचा नमुना तपासला. लस घेतलेल्यांपैकी 49.5 टक्के स्त्रियांचे बदल मागे हटले होते. औषध नसलेलं नुसतं इंजेक्शन घेतलेल्यांतही 30.6 टक्के! तुलनेचा गट नसता, तर सगळं श्रेय लशीलाच गेलं असतं. शिवाय वाट पाहताना आजार बळावू नये म्हणून मधूनमधून तपासणी करावीच लागते.

अशी लस हाती येईपर्यंत सेलू, आर्वी, हिंगणघाटसारख्या गावांतल्या बायकांनी वाट पाहत थांबू नये. धाराशिव जिल्ह्यात 1999 मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात 30 ते 59 वयाच्या स्त्रियांची एचपीव्ही चाचणी एकदाच झाली, तरी त्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. साधी तपासणीही आहे: पातळ ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबलं की संशयित भाग पांढरा दिसतो. योग्य असेल तिथे तो गोठवून किंवा उष्णतेने नष्ट करतात, बहुतेकदा भूल न देता.