फितूर कोण?

फिर्यादी, साक्षी, आरोपी... आपल्या घरांत मराठी बोला की कन्नड, हे शब्द जवळपास सारखेच. पण बातमीत ‘आरोपी’ वाचले की मन ‘अपराधी’ ऐकते.

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या मोहद गावाचेच पाहा. १८ जून २०१७ रोजी चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताला हरवले. गावात जल्लोष झाला, असे म्हणत पोलिसांनी पंधरा मुस्लिमांना राजद्रोहाखाली अटक केली. बातमी वाचणाऱ्या कितीकांचा निकाल तिथेच लागला! ज्याच्या नावे फिर्याद, तो गावकरीच आपण तक्रार केली नाही म्हणत होता. काही दिवसांत राजद्रोहाचे कलमही गेले. पण एकदा मत बनले की मन त्याला जुळेल तेवढेच टिपते.

कोर्टात साक्षीदारांनी पोलिसांची हकीकत नाकारली. अशांना आपण ‘फितूर’ म्हणतो. शब्दातच ठपका! कायद्याच्या लेखी अर्थ एवढाच, की ज्या पक्षाने साक्षीला बोलावले त्याच्या बाजूने तो बोलला नाही. आधीचा जबाब खरा की आताचा, हे न्यायाधीशांनी ठरवायचे. २०२३ साली आरोपींची निर्दोष मुक्तता झाली. तोवर सहा वर्षे तारखांत गेली होती.