बालसंधिवाताचे डोळे आणि इंजेक्शनची भीती

बालसंधिवातासोबत येणारा डोळ्यांचा दाह, म्हणजे युव्हिआयटिस, शांत झाला की ॲडलिमुमॅबचे इंजेक्शन थांबवावे का? ‘लॅन्सेट’मध्ये २०२५ साली आलेल्या ‘ॲडजस्ट’ चाचणीचे उत्तर पालकांना न आवडणारे आहे. औषध थांबवलेल्या ४४ रुग्णांपैकी ३० जणांचा आजार उलटला. चालू ठेवलेल्या ४३ पैकी ६ जणांचा. उलटलेला आजार पुन्हा औषध दिल्यावर आटोक्यात आला, हा दिलासा खरा. पण त्याला महिने लागले. ॲडलिमुमॅबसारख्या बायोलॉजिक औषधांची भीती आपण चुकीच्या तराजूत तोलतो, असे मला वाटते. एका पारड्यात औषध आणि दुसऱ्यात जणू निरोगी डोळा! प्रत्यक्षात दुसऱ्या पारड्यात असतात वर्षानुवर्षांचे स्टेरॉइड, त्यातून येणारे मोतीबिंदू नि काचबिंदू, खुंटलेली वाढ आणि जाणारी दृष्टी. २०१७च्या ‘सिकॅमोर’ चाचणीत सगळ्याच मुलांना मेथोट्रेक्सेट हे औषध चालू होते. जोडीला ॲडलिमुमॅब मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांत उपचार फसले, न मिळालेल्यांपैकी ६० टक्क्यांत. गंभीर दुष्परिणाम औषध घेणाऱ्यांत जास्त होते, हे लपवायचे कारण नाही.

आपल्याकडचा खरा आक्षेप क्षयाचा आहे, आणि तो युव्हिआयटिस असलेल्या मोठ्यांच्या बाबतीत अधिक बोचतो. हे औषध ‘टीएनएफ’ नावाचे प्रथिन रोखते. शरीरात दडलेल्या क्षयजंतूंना गाठीत कोंडून ठेवण्याचे काम हेच प्रथिन करते. पहारा उठला की जंतू मोकळे. त्यात भारतात क्षय स्वतःच डोळ्यात दाह निर्माण करतो. तो न ओळखता इंजेक्शन दिले, तर उपचारच घात करतील. म्हणून त्वचेवरची मॅन्टू किंवा रक्ताची इग्रा चाचणी आणि छातीचा एक्स-रे आधी, सुई नंतर. यात सवलत नको. मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असेल, तर हे औषध टाळावेच लागते. पण क्षयाच्या आक्षेपातून निघते ती नीट तपासणीची गरज, नकार नव्हे. खर्चाचेही तसेच. २०१४मध्ये झायडस या औषध कंपनीने भारतात ॲडलिमुमॅबचे स्वस्त प्रतिरूप आणले, तरी एका डोसची किंमत हजारो रुपयांत होती. त्यामुळे आधी मेथोट्रेक्सेट वापरून पाहणे शहाणपणाचेच. ते अपुरे पडते आहे हे दिसत असताना महिने घालवणे मात्र नाही. बालसंधिवातातला हा दाह बहुधा डोळा लालही करत नाही, दुखवतही नाही. तक्रार नाही म्हणून इंजेक्शन सोडलेल्या मुलाच्या डोळ्यात काय चालले आहे, हे नेत्रतज्ज्ञाच्या स्लिट लॅम्प सूक्ष्मदर्शकाखालीच कळते.