टेबलाखालचा सांधेवाला

खट्. टेबलावरची गाडी मुख्य मार्ग सोडून यार्डात शिरते, आणि बघणारे इंजिनाकडेच बघत राहतात. आवाज कुठून आला, हे कुणी विचारत नाही. पुण्यात कोथरूडला १९९८ साली सुरू झालेलं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथेही सगळ्यांचे डोळे गाड्यांवर आणि सिग्नलच्या दिव्यांवर. मला मात्र अशा ठिकाणी खाली वाकून बघायची खोड आहे.

रूळ जिथे फुटतात तिथल्या हलत्या जोडणीला रेल्वेत पॉइंट म्हणतात. जुना मराठी शब्द सांधा, आणि तो बदलणारा सांधेवाला. एप्रिल २०२१ मध्ये वांगणी स्थानकात मयूर शेळके यांनी रुळांवर पडलेल्या मुलाला वाचवलं, तेव्हा त्यांच्या हुद्द्याचा ‘पॉइंट्समन’ हा शब्द घरोघरी पोचला. सांधेवाला मात्र विस्मरणातच राहिला. मॉडेल रेल्वेत त्याचं काम टेबलाखाली स्क्रूने बसवलेलं एक यंत्र करतं. एचओ मापात, म्हणजे खऱ्याच्या १/८७ आकारात, दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. सांध्याच्या पट्ट्या सरकायच्या त्या जेमतेम दोन-तीन मिलिमीटर.

जुन्या पद्धतीच्या यंत्रात दोन कॉइल असतात आणि मधे लोखंडी दांडी. वायरी तीन: एक सामाईक, एक सरळ मार्गाची, एक वळणाची. बटण क्षणभर दाबलं की दांडी खट्‌कन त्या बाजूला खेचली जाते. या ‘क्षणभर’मध्ये सगळी गोम आहे. कॉइल तेवढ्याच वेळासाठी केलेली असते. बोट रेंगाळलं तर ती तापते आणि जळते. माझ्या पहिल्या पाच यंत्रांपैकी दोन मी अशीच घालवली, कारण बटणाऐवजी साधा टॉगल लावला होता. जळक्या इनॅमलचा तो वास खोलीतून दोन दिवस गेला नाही. यावर उपाय कपॅसिटरचा. ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर २४ व्होल्टला भरून ठेवायचा. बटण दाबलं की साठवलेला सव्वा-दीड ज्यूलचा झटका एकदम बाहेर पडतो आणि सांधा फिरतो. मग बोट बटणावर राहिलं तरी भरणाऱ्या सर्किटमधून झिरपणारा किरकोळ प्रवाह कॉइलला इजा करत नाही.

नव्या यंत्रांत मोटर असते. सर्किट्रॉन कंपनीचं ‘टॉर्टॉइज’ नावाप्रमाणेच कासवाच्या चालीने, दोन-तीन सेकंदांत सांधा सरकवतं, आणि टोकाला पोचल्यावर वीज चालूच असताना अडून उभं राहतं. तेव्हा ते १२ व्होल्टवर जेमतेम पंधरा मिलिअँपिअर खातं. दिशा उलटवायला सहा टर्मिनलचा टॉगल: मधल्या दोनवर मोटर, वरच्या दोनवर पुरवठा, आणि वरून खाली फुलीसारख्या दोन वायरी. या फुलीची एक तार जरी चुकून शेजारच्या टर्मिनलला लागली, की शॉर्ट.

या यंत्राच्या पोटात दोन जादा स्विचही असतात. ते लागतात, कारण दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथला धातूचा तुकडा, म्हणजे फ्रॉग, गाडी सरळ जाताना एका रुळाचा आणि वळताना दुसऱ्याचा असतो. रुळांतूनच वीज वाहते, म्हणून सांध्याबरोबर फ्रॉगची वीजही बदलावी लागते. नाहीतर इंजिन तिथेच हुंदका देऊन थांबतं.

खरी मजा यार्डात येते. शिडीसारख्या आठ मार्गांच्या यार्डाला सात सांधे. आठवा मार्ग हवा तर सातही नीट लागले पाहिजेत. प्रत्येक सांध्याला वेगळं बटण ठेवलं तर माणूस गोंधळतो. म्हणून प्रत्येक मार्गाला एकच बटण, आणि बटणांपासून कॉइलपर्यंत डायोडची जाळी, म्हणजे पाचव्या मार्गाची वीज उलटी फिरून तिसऱ्यात घुसत नाही. हिशेब केला तर ३५ डायोड लागतात. कपॅसिटरही मोठा हवा, सात कॉइल एकदम ओढायच्या असतात. हे सोल्डर करता करता लक्षात येतं की आपण रेल्वे सोडून भलतंच काही बनवतोय. कुठला मार्ग म्हणजे कुठले सांधे, हे त्या जाळीत कायमचं लिहिलेलं असतं.

अमेरिकेतल्या एमआयटीत हे फार आधी कुणाकुणाच्या लक्षात आलं होतं. रिलेच्या, म्हणजे विजेनेच चालणाऱ्या स्विचच्या, सर्किटांना बीजगणिताचे नियम लागू होतात, हे क्लॉड शॅननने तिथेच १९३७ सालच्या प्रबंधात दाखवलं. १९४६ मध्ये तिथे टेक मॉडेल रेलरोड क्लब निघाला. जागा, युद्धकाळात तात्पुरती म्हणून बांधलेली लाकडी ‘बिल्डिंग २०’. (तात्पुरती इमारत पाडायला १९९८ उजाडलं. आपल्याला हे काही नवीन नाही.) क्लबात दोन जाती: डबे रंगवणारे, आणि टेबलाखाली राबणारे ‘सिग्नल्स अँड पॉवर’वाले. चाळीस तास काम केलं की खोलीची किल्ली मिळे. खालच्यांनी टेलिफोन कंपनीच्या रिलेंचं जंगल उभं केलं होतं. फोनची डायल फिरवून रुळाचा कुठला तुकडा आपल्या हाती हवा ते सांगायचं. अपघात होऊ घातला की एक बटण दाबायचं. सगळं थांबे आणि घड्याळात वेळेऐवजी ‘फू’ अशी अक्षरं उमटत. ‘हॅक’ हा शब्द याच खोलीत रुळला. पीटर सॅमसनने १९५९ मध्ये क्लबाच्या बोलीचा कोशच केला.

यातलीच काही पोरं पुढे कॉम्प्युटरकडे वळली. १९६२ मध्ये पीडीपी-१ यंत्रावर ‘स्पेसवॉर’ हा अवकाशयानांच्या लढाईचा खेळ तयार झाला, तेव्हा यंत्रावरचेच स्विच दाबून खेळणाऱ्यांची कोपरं दुखायला लागली. ॲलन कोटॉक आणि बॉब साँडर्स क्लबात गेले, आणि हाताने बनवलेले दोन कंट्रोल घेऊन परतले. लाकडी पेटी, वर बेकेलाइटचं झाकण, यान फिरवायला आणि पळवायला दोन दुतोंडी स्विच. टॉर्पिडोचं बटण मात्र मुद्दाम बिनआवाजाचं निवडलं होतं. गोळी झाडताना प्रतिस्पर्ध्याला खट् ऐकू जायला नको.