पट्टा आहे, पण अडकवला कुठे?

ठाण्यात बाळकुमच्या एका ४० मजली इमारतीत १० सप्टेंबर २०२३ रोजी बांधकामाची लिफ्ट कोसळून ७ कामगार गेले, तेव्हा शहर हादरले. डोंबिवलीत परांचीवरून एकटाच पडलेला रंगारी मात्र क्वचितच बातमीत येतो. उंचीवरच्या कामाच्या प्रशिक्षणात बजावतात, की नुसता सुरक्षा पट्टा घालून भागत नाही. पट्ट्याच्या दोरीचा हूक डोक्याच्या वर, भक्कम आधाराला हवा, परांचीच्या बांबूला नको. हूक दोन असतात, म्हणजे सरकताना एक कायम अडकलेला राहतो. पडून पट्ट्यात लोंबकळणाऱ्याच्या पायांत रक्त साचते. त्याला काही मिनिटांत उतरवावे लागते. अग्निशमन दल येईपर्यंत थांबणे जिवावर बेतू शकते. सोसायटीचे रंगकाम काढलेत तर कंत्राटदाराला दराआधी विचारा: माणूस लटकला तर उतरवणार कोण आणि कसा?