आरक्षण रद्द केले, तर आगाऊ रक्कम कोणाची?

सुटीसाठी चार-आठ दिवस भाड्याने ठरवलेले घर रद्द करावे लागले की वाद एकाच प्रश्नावर येऊन थांबतो: आगाऊ भरलेल्या रकमेतून घरमालकाने किती कापून घ्यावे? गोमंतकीयांना हा प्रश्न दोन्ही बाजूंनी पडतो. चतुर्थी आटोपल्यावर दांडेली किंवा कूर्गला जाऊ पाहणारे कुटुंब ग्राहक असते, तर बार्देश-पेडण्यात किंवा सासष्टीत वडिलोपार्जित घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देणारे कुटुंब घरमालक असते. ‘रक्कम परत मिळणार नाही’ असे अटींत लिहिले की विषय संपला, अशी समजूत मात्र दोन्हीकडे आढळते. कायदा इतका एकमार्गी नाही.

मूळ तत्त्व जुनेच आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी करार मोडणाऱ्याकडून वाजवी भरपाईच घेता येते. लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यात हे स्पष्ट केले. प्राधिकरणाने लिलावातील बोलीदाराची अनामत जप्त केली होती आणि नंतर तोच भूखंड कितीतरी अधिक किमतीला विकला होता. नुकसानच झालेले नसेल तर भरपाई कसली, असा न्यायालयाचा रोख होता.

हेच तत्त्व भाड्याच्या खोलीला लावून पाहावे. समजा, तीन रात्रींसाठी १५ हजार रुपये भरले आणि महिनाभर आधी आरक्षण रद्द केले. त्याच तारखांना घरमालकाला दुसरा पाहुणा तेवढ्याच भाड्याने मिळाला, तर पूर्ण १५ हजार ठेवून घेण्याचे समर्थन अवघड होते. तेच आरक्षण ३० डिसेंबरच्या संध्याकाळी रद्द झाले, तर चित्र उलटते. रिकामी गेलेली रात्र दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. त्यातच मालकाने इतरांना नकार दिलेला असतो. म्हणून मुदत जवळ येईल तशी कपात वाढत नेणारी अट न्याय्य वाटते. सरसकट जप्तीची अट तशी वाटत नाही. कपातीचा तक्ता आरक्षणापूर्वीच दाखवणारा घरमालक स्वतःचीही बाजू भक्कम करतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याच्याही पुढे जातो. करारभंगामुळे झालेल्या नुकसानीच्या मानाने पूर्णपणे विषम दंड लादणारा, किंवा एका पक्षाला वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची मुभा देणारा करार या कायद्याने ‘अनुचित करार’ ठरू शकतो. अशी अट रद्दबातल ठरवण्याचा अधिकार राज्य आयोगाला आहे. तो जिल्हा आयोगाला नाही, हे तक्रार कोठे न्यावी हे ठरवताना ध्यानात ठेवावे.

आरक्षण संकेतस्थळावरून झाले असेल, तर ई-कॉमर्स नियम, २०२० लागू होतात. स्वतः एकतर्फी रद्द केल्यास तसाच भुर्दंड सोसायला तयार नसलेल्या ई-कॉमर्स कंपनीला ग्राहकाकडून रद्दीकरण शुल्क घेता येत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि महिन्याभरात तिचा निकाल लावणे बंधनकारक आहे. ‘आम्ही केवळ मध्यस्थ’ हे उत्तर या कंपन्यांच्या ओठांवर असते. पोच आणि निकालाच्या मुदतीतून मात्र ते उत्तर त्यांना सोडवत नाही.

एअरबीएनबीसारख्या ठिकाणी रद्दीकरणाचे धोरण घरमालक निवडतो. ‘फ्लेक्सिबल’ धोरणात एक दिवस आधीपर्यंत, तर ‘मॉडरेट’मध्ये पाच दिवस आधीपर्यंत पूर्ण परतावा मिळतो. स्वस्त दिसणाऱ्या घराचे धोरण अनेकदा कडक असते. भाड्याआधी ती ओळ वाचावी. घरमालकाने स्वतः आरक्षण रद्द केले, तर पाहुण्याला पूर्ण रक्कम परत मिळते.

दोष कोणाचाच नसेल तेव्हा खरी पंचाईत होते. जुलैत गोव्यात पाऊस पडणे ही अकल्पित आपत्ती नव्हे; पाऊस आहे म्हणून पूर्ण परतावा मागता येणार नाही. घरात आजारपण आले, तरी कंपन्यांच्या आपत्ती-धोरणांत ते सहसा बसत नाही. मार्च २०२० ची टाळेबंदी मात्र निराळी होती. त्या वेळी एअरबीएनबीने घरमालकांची धोरणे बाजूला सारून पाहुण्यांना पूर्ण परतावा दिला, घरमालकांनी संताप व्यक्त केला आणि कंपनीने त्यांच्यासाठी २५ कोटी डॉलर बाजूला काढले. भारतात विमान तिकिटांच्या परताव्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये मार्गी लावला. भाड्याच्या घरांना तो आदेश लागू नव्हता.

फोनवर किंवा समाजमाध्यमांवर थेट ठरवलेल्या घराला यातले कंपनीचे कवच नसते. गोव्यात पर्यटकांना खोल्या देणाऱ्याने १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. पैसे पाठवण्यापूर्वी हा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा. तो देण्यास टाळाटाळ होत असेल, तर परताव्याची वेळ येईल तेव्हा तो माणूस सापडेलच असे नाही.

तक्रारीची सुरुवात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. त्यातून मार्ग निघाला नाही, तर आयोगाकडे जावे. तेथे पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्यात ती दाखल करता येते. त्यामुळे पुण्याच्या पाहुण्याने पुण्यात केलेल्या तक्रारीला कांदोळीच्या घरमालकाला उत्तर द्यावे लागू शकते. तसेच दांडेलीतील मालकाविरुद्ध म्हापशाच्या कुटुंबाला उत्तर गोव्यातच दाद मागता येते. आरक्षणाच्या दिवशी दिसणाऱ्या अटींचे छायाचित्र, पैसे भरल्याची पावती आणि रद्द केल्याचा लेखी संदेश मात्र हाताशी हवा. अटींचे पान नंतर बदलू शकते, म्हणून ते छायाचित्र त्याच दिवशी काढलेले बरे.