टीव्ही घरी, मोबाइल कोपीत

भारतात १९९५ साली ‘कार्टून नेटवर्क’ आले, २००४मध्ये ‘पोगो’. २००८पासून ‘छोटा भीम’ने घरोघरची पोरे ठरल्या वेळी पडद्यासमोर बसवली. या वाहिन्यांचा डोलारा मुख्यतः जाहिरातींवर उभा. २०१६नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला, मुले यूट्यूबकडे वळली, पाठोपाठ जाहिरातीही. बीड जिल्ह्यात या बदलाला आणखी एक पदर आहे. ऊसतोड कामगारांची अनेक मुले हंगामात आईबापांबरोबर परमुलखात जातात. टीव्ही कुलूपबंद घरात राहतो, मोबाइल कोपीत येतो. वाहिनीला स्थिर घर लागते. ते इथे पाच-सहा महिने नसतेच. मात्र मुलांना काय दाखवायचे, हे वाहिनीवर कुणी मोठे माणूस ठरवत होते. कोपीत ते मुलाचे बोट ठरवते, आणि आईबाप तेव्हा फडात असतात.